थोडी चूक माझीही होती

भिलाईच्या मरोद्यात माणसाला इजा होण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. जवळच पोलाद कारखाना आहे. दुर्गहून दल्ली राजहऱ्याकडे जाणारा लोहमार्ग मरोदा स्टेशनावरून जातो आणि त्याच मार्गाने खाणींतलं लोहखनिज कारखान्याला येतं. पाळी सुटली की रस्ते सायकली-मोटारसायकलींनी भरतात, आणि डोक्यावर विजेच्या तारा आहेतच. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्यानंतर नागपूर, भंडारा, गोंदिया, अमरावतीकडची कितीतरी मराठी घरं इथे स्थिरावली. कुणी कारखान्याच्या पटावर, कुणी ठेकेदाराकडे.

अशा वस्तीत अपघात झाला की दवाखान्यात भेटायला आलेल्यांना जखमी माणूस बहुधा एकच वाक्य सांगतो: ‘थोडी चूक माझीही होती.’ पट्टा लावला नव्हता, रस्ता ओलांडताना डावीकडे पाहिलं नाही, गाडी हलल्यावर चढलो. प्रामाणिक माणसाचंच हे वाक्य आहे. पण त्यावर घरातले मान हलवतात, ‘जाऊ दे, आपलंच चुकलं’ म्हणतात आणि भरपाईचा विषय तिथेच मिटतो. ठेकेदाराचा माणूस येतो, दवाखान्याचं बिल भरतो, वर थोडे पैसे ठेवतो आणि एका कागदावर सही घेऊन जातो.

आपली थोडी चूक असली म्हणजे कायद्याने हक्क बुडतो, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. भारतात ती बहुतेक ठिकाणी खोटी आहे. मात्र ती अगदीच हवेतून आलेली नाही. कायदा एके काळी खरोखर असा होता, आणि जगात काही ठिकाणी आजही आहे.

१८०९ सालचा इंग्लंडमधला बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर हा निकाल या नियमाचं मूळ मानला जातो. डर्बी गावात एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्याच्या काही भागावर आडवा खांब टाकला होता. दिवेलागणीच्या सुमारास एक घोडेस्वार दारूच्या दुकानातून निघाला, भरधाव आला, खांबाला अडकला आणि घोड्यासकट कोसळला. खांब टाकणाऱ्याची चूक उघड होती. पण शंभर यार्डांवरून खांब दिसण्याइतका उजेड अजून होता, असं साक्षीत आलं. लॉर्ड एलनबरो यांच्या न्यायालयाने ठरवलं की स्वतः साधी काळजी न घेणाऱ्याला दुसऱ्याच्या चुकीचा आधार घेता येणार नाही. घोडेस्वाराला काहीच मिळालं नाही. समोरच्याची चूक पंचाण्णव टक्के आणि आपली पाच टक्के असली, तरी या नियमाने हाती शून्यच येतं.

इंग्लंडने १९४५ साली कायदा करून हा नियम टाकला आणि दोघांच्या चुकीच्या वाट्याप्रमाणे भरपाई कमी करायची पद्धत आणली. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनीही तो सोडला आहे. मात्र मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, अलाबामा ही चार राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टनचा परिसर अजून त्याला धरून आहेत. हे परक्या मुलखाचं पुराण नव्हे. भिलाईत अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांची तयारी घरोघर चालते, आणि इथून शिकून गेलेली मुलं नेमकी व्हर्जिनियाच्या आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या संगणक कंपन्यांत नोकऱ्या करतात. ज्यांची मुलं तिकडे गाडी चालवतात त्यांनी मेरीलँडचा २०१३ सालचा निकाल ऐकून ठेवावा. फुटबॉलचा एक तरुण प्रशिक्षक गोलच्या आडव्या दांडीला लोंबकळला. गोलचा सांगाडा जमिनीत नीट रोवलेला नव्हता, तो त्याच्या तोंडावर आदळला आणि चेहऱ्याची हाडं मोडली. सांगाडा न रोवणाऱ्या संस्थेची चूक ज्यूरीने मान्य केली. पण लोंबकळण्यात याचीही चूक होती, असंही तिने नोंदवलं. त्या एका नोंदीने त्याचा दावा पूर्ण गेला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुना नियम बदलायला नकार दिला.

अशा राज्यांत दावा चालवणं म्हणजे स्वतःवर एक टक्काही ठपका येऊ न देणं. अपघातानंतर विम्याच्या कंपनीतून फोन येतो. समोरचा गोडीने विचारतो: वेग किती होता, मोबाइल हातात होता का, ती गाडी तुम्हाला केव्हा दिसली? हे बोलणं ध्वनिमुद्रित होतं आणि ‘मीही जरा घाईत होतो’ एवढं वाक्य पुढे सगळा दावा पाडायला पुरतं. समोरच्या पक्षाच्या विमा कंपनीला असं निवेदन देण्याचं बंधन नसतं. आधी वकिलाशी बोलावं. नियमाला अपवादही आहेत. अपघात टाळायची शेवटची स्पष्ट संधी समोरच्याकडेच होती असं दाखवता आलं, तर स्वतःची चूक आड येत नाही. वॉशिंग्टनने २०१६ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांना या कडक नियमातून बऱ्याच अंशी बाहेर काढलं. इजेचा दावा लावायला व्हर्जिनियात दोन वर्षं मिळतात, नॉर्थ कॅरोलिनात तीन.

आता आपल्याकडे येऊ. इथली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण कामगाराच्या बाबतीत या कडक नियमाला दोन जोडीदार होते. पहिला १८३७ च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर या इंग्रजी खटल्यातून वाढला: सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण एकत्र काम करणाऱ्यांनी एकमेकांच्या चुकांचा धोका पत्करलेलाच असतो. दुसरा त्याचाच भाऊ: धोका माहीत असून काम घेतलं, म्हणजे तो मान्यच केला. स्वतःची चूक, सोबत्याची चूक, पत्करलेला धोका, अशा तीन भिंती. त्यांतून मजुराच्या विधवेला वाट सापडणं जवळपास अशक्य होतं.

या भिंतींना भारतात मोठा धक्का बसला तो नागपुरात. दुर्ग जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, म्हणजे मरोद्याचं उच्च न्यायालय नागपूरच होतं. १९३७ सालच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध रुखमिणीबाई या खटल्यात जीआयपी रेल्वेत कामावर असताना, सोबतच्या नोकराच्या निष्काळजीपणाने मेलेल्या माणसाची पत्नी सरकारविरुद्ध उभी होती. सोबत्याच्या चुकीचा तो इंग्रजी नियम इथे जसाच्या तसा लावणं मुख्य न्यायाधीश स्टोन यांना पटलं नाही. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, नियोक्त्याच्या जबाबदारीचा कायदा झाला आणि त्याने ही बचावाची वाट बरीचशी बंद केली. तरीही एक फट राहिली. १९५० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने रेल्वेच्याच एका फायरमनच्या मृत्यूच्या खटल्यात जुना नियम भारतात अजून लागू असल्याचं सांगितलं, आणि १९५१ च्या दुरुस्तीने ती फट बुजवावी लागली. भिलाईचा कारखाना उभा राहिला तेव्हा कामगाराच्या वाटेतली ही भिंत नुकतीच पडली होती. रुखमिणीबाईंचं नाव कायद्याच्या पुस्तकांबाहेर कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याआधीच, १९२३ मध्ये, कामगार भरपाईचा कायदा आला होता. तो पुढे कर्मचारी भरपाई कायदा झाला आणि आता त्याची चौकट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आणली आहे. त्याचा पाया वेगळा आहे. मालकाची चूक होती की नाही हे इथे विचारतच नाहीत. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली का, एवढंच पाहतात. मग कामगाराच्या स्वतःच्या चुकीचं काय? साधा निष्काळजीपणा, घाई, विसर, चुकीचा अंदाज यांनी हक्काला धक्का लागत नाही. मालकाला बचाव मिळतो तो तीनच ठिकाणी: कामगार नशेत होता आणि अपघात त्यामुळेच झाला, सुरक्षिततेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम किंवा केलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठी दिलेलं साधन त्याने जाणूनबुजून काढलं वा वापरायचं टाळलं. आणि हे तीनही बचाव मृत्यूच्या बाबतीत चालत नाहीत. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरीही चालत नाहीत. सुरक्षेच्या पाट्या लावतात तिथे हे वाक्यही रंगवून ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

‘जाणूनबुजून’ या शब्दावर किती अवलंबून असतं ते उंचीवरच्या कामात दिसतं. मचाणावरून माणूस पडतो. चौकशीच्या कागदात ओळ येते की कामगाराने सेफ्टी बेल्ट लावला नव्हता. वाचणाऱ्याला वाटतं, संपलं. पण पट्टा त्या दिवशी त्या माणसाला दिला होता का? दिल्याच्या नोंदवहीत त्याची सही आहे का? पट्ट्याचा हुक अडकवायला वर दोर किंवा आधार होता का? एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकताना हुक काढावाच लागतो, त्या क्षणी दुसरा हुक होता का? पट्टा कमरेला आहे आणि अडकवायला जागा नाही, हे बांधकामावर नेहमी दिसणारं चित्र आहे. त्याला जाणूनबुजून मोडलेला नियम म्हणता येत नाही. आणि बचाव घेणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो. म्हणून सोबत्यांनी त्याच दिवशी मोबाइलवर मचाणाचे, दोराचे, पट्ट्याचे फोटो काढून ठेवले तर ते पुढे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त कामी येतात.

रक्कम कशी ठरते? मृत्यू झाला तर मासिक पगाराच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला साठ टक्क्यांना. पगार कितीही असो, हिशेबाला धरायची मर्यादा जानेवारी २०२० मध्ये १५,००० रुपये केली गेली. ३५ वर्षांच्या माणसाचा गुणक १९७.०६ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले १९७.०६, एकूण १४,७७,९५० रुपये. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसताना उशीर केला तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड.

अंशतः अपंगत्व आलं तर टक्क्यांचा वाद सुरू होतो, आणि तिथे १९७६ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल हाताशी ठेवावा. ओडिशातलं जेपूर हे बस्तरला लागून असलेलं गाव. तिथे चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं होतं, तक्त्यात हाताला जेवढे टक्के दिलेत तेवढेच द्यायचे. न्यायालयाने विचारलं, एका हाताने सुतारकाम होतं का? होत नाही. मग कमाईची शक्ती शंभर टक्के गेली. वेल्डरचा डोळा, फिटरचा अंगठा, चालकाचा पाय यांचा हिशेब याच रीतीने मागायचा असतो.

ठेका मजुराला आणखी एक गोष्ट माहीत हवी. काम मुख्य कारखान्याच्या धंद्याचं असेल तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मुख्य नियोक्त्याकडूनही मागता येते. ठेकेदार गावाला निघून गेला, त्याचा फोन बंद लागतो, म्हणून दावा मरत नाही. दुसरीकडे, मजुराच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर मात्र भरपाई ईएसआयकडूनच घ्यायची, मालकाकडून या कायद्याखाली नाही. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात दिसते. ती चिठ्ठी पहिल्याच दिवशी शोधा.

आणि तो सहीचा कागद. भरपाईचा हक्क सोडतो असं लिहून घेतलेला कुठलाही करार या कायद्यात रद्दबातल आहे. मृत्यूच्या बाबतीत तर मालकाने घरच्यांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. रक्कम भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्ताकडे जमा करावी लागते आणि वाटप तो करतो. हातात देता येते ती फक्त तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची उचल. सही झाली म्हणून गप्प बसलेल्या बायकांना हे कुणीतरी सांगायला हवं. नवऱ्याच्या मागे त्यांतली एखादी भंडाऱ्याला माहेरी परतली असेल, तर दावा तिथल्या आयुक्ताकडेही लावता येतो.

घर ते कारखाना हा रस्ता कामात धरायचा का, हा वाद मराठी मुलखातल्याच एका खटल्याने सुटला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात एक पहारेकरी होता. त्याची पाळी पहाटे तीनला सुरू होई. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना साधारण पाच किलोमीटर उरला असताना अपघातात गेला. आयुक्ताने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परत दिली: कामाच्या वेळेशी, जागेशी आणि त्या प्रवासाशी धागा जुळत असेल तर वाटेतला अपघातही कामातलाच. बावीस वर्षं लागली. पण तिसऱ्या पाळीला मरोद्यातून निघणाऱ्या माणसासाठी आज तो नियम आहे.

रस्त्यावरच्या अपघाताला हिशेब वेगळा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर, म्हणजे इथल्या लोकांसाठी दुर्गच्या न्यायालयात, समोरच्या चालकाची चूक दाखवावी लागते. आपलीही चूक निघाली तर तेवढा वाटा कापतात. दावा बुडत नाही. समजा, ३४ वर्षांचा, महिना १८,००० कमावणारा वेल्डर ट्रकच्या धडकेत पायाने अधू झाला आणि त्याची कमाईची शक्ती ४० टक्के गेली. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याने त्याचा गुणक १६. वर्षाचे २,१६,००० गुणिले १६, त्याचे ४० टक्के, म्हणजे १३,८२,४०० रुपये. उपचाराचा खर्च, वेदनांची आणि पुढच्या पगारवाढीची भरपाई वेगळी. आता न्यायाधिकरणाने त्याचाही २५ टक्के दोष मानला, तर ३,४५,६०० वजा होऊन १०,३६,८०० उरतात. डर्बीच्या घोडेस्वाराच्या नियमाने याच माणसाला एक रुपयाही मिळाला नसता. ‘माझीच चूक’ म्हणून घरी बसला तरी त्याला एक रुपया मिळत नाही.

शिवाय नियम मोडला म्हणजे अपघाताला हातभार लागला, असं आपोआप होत नाही. मोटारसायकलवर तिघे होते आणि मागून मोटारीने धडक दिली, अशा एका खटल्यात उच्च न्यायालयाने दहा टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ती कपात काढून टाकली. तिघे बसणं हा गुन्हा खरा, पण त्याने धडक बसली किंवा इजा वाढली असं दाखवल्याशिवाय पैसे कापता येत नाहीत. हेल्मेट नव्हतं आणि पाय मोडला, तर हेल्मेटचा त्या पायाशी संबंध नाही. डोक्याला मार असेल तर मात्र प्रश्न येणारच. मागे बसलेल्याला तर चालकाची चूक चिकटतच नाही. दोन गाड्यांच्या चालकांच्या चुकीने तो जखमी झाला तर पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो.

हे सगळं ज्या कागदावर उभं राहतं तो पहिल्या काही तासांत तयार होतो. दवाखान्यातली एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या इजेची) नोंद, पोलिसांची एफआयआर, जागेचा पंचनामा आणि नकाशा. कागद हिंदीत असतो, लिहिणारा घाईत असतो, आणि ‘स्वयं की लापरवाही से गिरना’ अशी एक ओळ पटकन उतरते. सांगणारा नातेवाईक अपघाताच्या जागी नसतोच, त्याने ऐकलेलं असतं. म्हणून सही करण्यापूर्वी वाचून घ्या, आणि चुकीचं असेल तर जखमी शुद्धीवर येताच त्याचं म्हणणं लेखी द्या. ‘तोंडाला दारूचा वास’ अशी नोंद असली तरी घाबरून जाऊ नका. नुसत्या वासाने, रक्ताच्या तपासणीशिवाय आणि अपघाताशी संबंध दाखवल्याशिवाय, दोष सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसं म्हटलं आहे. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. उपचारासाठी मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: नोंदणीकृत रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार, पैसे आधी न भरता. आणि चुकीच्या वादात पडायचंच नसेल तर मोटार कायद्यातच दुसरी वाट आहे, चूक न विचारता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख. ती रक्कम ठरीव आहे, म्हणून कमावत्या तरुणाने ती घाईने स्वीकारू नये.

कामावर असताना गाडीने ठोकरलं तर कामगार भरपाई आणि मोटार दावा यांतलं एकच निवडावं लागतं. पगार चांगला आणि समोरच्याची चूक स्पष्ट असेल तर मोटार दाव्यात बहुधा जास्त मिळतं. स्वतःची चूक मोठी असेल तर कामगार भरपाई सुरक्षित.

रेल्वेचा कायदा आपल्या चुकीबद्दल सर्वांत उदार आहे आणि लोकांना सर्वांत कमी माहीत आहे. प्रवासी गाडीतून पडला, चढता-उतरता घसरला, तर रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. दारात उभा होता, हलत्या गाडीत चढला, हे बचाव सर्वोच्च न्यायालयाने २००८, २०१० आणि २०१८ च्या निकालांत फेटाळले. भरपाई जाते ती आत्महत्या, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेड, आणि नैसर्गिक आजार या कारणांनी. मुद्दाम आणि बेफिकिरीने यांत फरक आहे, हे २०१८ च्या रीना देवी निकालात स्वच्छ सांगितलंय. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. कुठून कुठे जात होता याचं प्रतिज्ञापत्र घरच्यांनी द्यायचं. मृत्यूला १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहेत.

पण हे सारं प्रवाशासाठी. मरोद्यासारख्या ठिकाणी पलीकडे जायला रूळ ओलांडणारे कमी नाहीत, आणि त्यांना या कायद्याचं छत्र नाही. रुळांवर विनापरवाना जाणं हा गुन्हाच आहे. तिथे मालगाडीने उडवलं तर दिवाणी दाव्यात रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि आपल्या चुकीचं वजन तिथे फार पडतं. या लेखातल्या सगळ्या वाटांत हीच सर्वांत अवघड.

विजेच्या आणि विषारी वायूच्या अपघातांत कायदा उलट टोकाला उभा आहे. २३ ऑगस्ट १९९७ च्या पावसाळी रात्री, तेव्हाच्या अखंड मध्य प्रदेशात, कारखान्यातून सुटलेला ३७ वर्षांचा कामगार सायकलने घरी चालला होता. रस्त्यावर जिवंत तार पडली होती. तो तीत अडकून गेला. वीज मंडळ म्हणालं, कुणीतरी चोरून आकडा टाकला होता, त्यात आमची काय चूक? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये उत्तर दिलं: इतकी धोकादायक गोष्ट चालवणाऱ्याने ‘आम्ही काळजी घेतली होती’ म्हणून सुटायचं नाही. त्याच्या मुळाशी १९८६ चा, दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातल्या वायुगळतीवरचा न्या. भगवतींच्या घटनापीठाचा निकाल आहे: घातक उद्योगाची जबाबदारी पूर्ण, तिला अपवाद नाही. भिलाईला हे तत्त्व पुस्तकी वाटणार नाही. १२ जून २०१४ रोजी कारखान्यातल्या वायुगळतीत दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जण गेले, आणि ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन वायूच्या नळात स्फोट होऊन आणखी माणसं गेली. अशा वेळी मेलेल्याने काय चूक केली हा प्रश्न कुणी काढलाच, तर तो कायद्याचा प्रश्न नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबणाऱ्यांसाठी: औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि देशभरचा फोन क्रमांक १५१०० आहे. मोटार दावा तुम्ही राहता तिथेही लावता येतो. नागपूरला झालेल्या अपघाताचा दावा दुर्गला चालतो. मुदती वेगवेगळ्या आहेत. कामगार भरपाईला दोन वर्षं, रेल्वे दावा न्यायाधिकरणाला एक वर्ष, मोटार दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिने. ही सहा महिन्यांची अट सर्वोच्च न्यायालयात वादात आहे, तेव्हा ती उलटली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये. कामगार आयुक्त आणि रेल्वे न्यायाधिकरण पुरेसं कारण दाखवल्यास उशीर माफ करू शकतात. रुग्णालयात गेलेले महिने हे असं कारण आहे आणि डिस्चार्ज कार्ड हा त्याचा पुरावा. मूळ कार्ड घरी ठेवा आणि ठेकेदाराच्या माणसाला फक्त झेरॉक्स द्या.